वेगळ्या कपबशीनंतरचे टेबल

चार वर्षांपूर्वी सोलापुरात कथावाचनाच्या एका छोट्या बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आपली कथा वाचली. कथा साधी होती. बुधवार पेठेतल्या एका घरातील मुलाला पुण्यात नोकरी लागते. पहिल्या पगाराला तो आईवडिलांना एका मोठ्या, वातानुकूलित हॉटेलात जेवायला नेतो. वडील मेनूकार्ड हातात धरतात, उजव्या बाजूचे आकडे वाचतात आणि ‘मला भूक नाही’ म्हणतात. आई पाणी पिते. ग्लास रिकामा झाला की वाढपी येऊन भरतो. ती पुन्हा पिते. मुलगा रागावतो. कथा तिथेच संपते.

वाचन झाल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, “यात दलित काय आहे? ही तर कोणत्याही गरिबाची गोष्ट झाली.” बैठकीचा अध्यक्ष मी होतो. समारोप करताना मी म्हणालो की अनुभव प्रामाणिक आहे, पण पांढरपेशा आहे. लेखिकेने आपल्या वस्तीकडे वळावे. मुलीने कागदांची घडी घातली. त्यानंतर ती बैठकीला आली नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे माझ्या त्या समारोपाची दुरुस्ती आहे.

मी जे बोललो ते माझे एकट्याचे मत नव्हते. आपल्या समीक्षेत एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. हॉटेल हा विषय दलित साहित्याने एकदा लिहिला आणि तो संपला, असे आपण मानतो. दाराबाहेर उकिडवे बसणे, वरून ओतलेला चहा, वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी, ती आपणच विसळून पुन्हा तिथेच ठेवणे. एवढे लिहिले की हॉटेल संपले. पुढे ज्याला हॉटेलात आत बसता आले, पंख्याखाली बसता आले, गार हवेत बसता आले, त्याचा अनुभव आपल्या लेखी सुखवस्तूंचा ठरतो. म्हणजे अपमान होतो तोवर अनुभव दलित; दार उघडले की तो कोणाचाच नाही. ही विभागणी कोणी ठरवली आणि तिने आपल्या लेखनाचे काय नुकसान केले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१

महाराष्ट्रात घराबाहेर बसून खाणे हा केवळ जिभेचा मामला कधीच नव्हता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद माजला. ज्या समाजातील पुढाऱ्यांना परक्या कपातला चहा एवढा महाग पडला, त्या समाजाने पुढे हॉटेले काढली ती मनातल्या भिंती शाबूत ठेवूनच. हॉटेलच्या पाटीवर मालकाची जात लिहिलेली असे आणि ती पाटी वाचून गिऱ्हाईक आत जात असे. आत कोणी शिजवले आहे, शेजारी कोण बसणार आहे, याची ती हमी होती.

म्हणूनच कोल्हापुरातील गंगाराम कांबळे यांचे हॉटेल ही आपल्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगारामांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेतला. राजाने अनुदान देऊन विषय संपवला नाही. तो गिऱ्हाईक झाला. अस्पृश्याच्या हातचा चहा पैसे देऊन विकत घेणे, ही त्या काळात कायद्याहून कठीण गोष्ट होती.

याच्या उलट बाजूचा प्रसंग बडोद्याचा. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास गेले. त्यांना राहायला जागा मिळाली ती एका पारशी निवासात, तीही नाव बदलून. भाडे देण्याची ऐपत होती, पदवी होती, दरबारची नोकरी होती. काही दिवसांत काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. ‘ज्याच्या खिशात पैसा त्याला जात कोण विचारतो’ असे म्हणणाऱ्यांना हा प्रसंग माहीत नसतो, किंवा माहीत असूनही आठवत नाही.

घटना लिहिली गेली तेव्हा पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचाही स्वतंत्र उल्लेख झाला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातील प्रवेशाबरोबरच हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. १९७६ पासून हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. संसदेला कपबशीसाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट आपण फार सहज वाचून पुढे जातो. दार उघडले तरी आत भांडे वेगळे ठेवता येते, हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

२

आपल्या साहित्याने या कपबशीचे जे केले ते कायद्याला जमले नसते. कायद्याने तिला गुन्हा ठरवले. साहित्याने तिची लाज उलटी फिरवली. कपबशी वेगळी ठेवणाऱ्याला लाज वाटावी, पिणाऱ्याला नव्हे, ही जाणीव आत्मकथनांनी मराठी वाचकाच्या मनात रुजवली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत मराठी वाचकाला जेवणाकडे पाहण्याची आपली दृष्टी तपासावी लागली.

आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यायचे तर शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४). अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा हा अनुभव. शाळेची सहल निघते. सवर्णांची मुले एकीकडे, महारांची मुले दुसरीकडे बसून जेवतात. शेवटी उरलेसुरले गोळा करून यांच्या वाट्याला येते. पुढे शेणातून निघालेल्या ज्वारीची भाकरी येते. अन्नाविषयी मराठीत इतके निष्ठुर आणि इतके खरे फार थोडे लिहिले गेले आहे.

पण या सर्व लेखनात हॉटेल दिसते ते बाहेरून. पाहणारा दारात आहे. आत काय चालते ते त्याला दारातून जेवढे दिसेल तेवढेच दिसते. त्या पिढीच्या अनुभवाची ती मर्यादा होती आणि तीच त्या लेखनाची धारही होती. चूक पुढच्यांची आहे, म्हणजे आमची. आत गेल्यावर काय दिसले ते आम्ही लिहिले नाही. दारातून पाहणाऱ्याची नजर प्रमाण मानून आत बसलेल्याला आम्ही गप्प केले.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (कथासंग्रह १९६३) नायकाला परगावी खोली मिळते ती जात लपवून. ती चोरी उघड होते तेव्हा मार पडतो. आज मोठ्या शहरातल्या उंची हॉटेलात आपण जेवायला बसतो तेव्हा आपली स्थिती काय असते? तिथे जात कोणी विचारत नाही. विचारत नाही याचे कारण असे की, इथवर आलेला माणूस ‘तसला’ नसणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. त्या गृहीताच्या आडोशाला आपण जेवतो. बागुलांच्या नायकाने स्वतः जात चोरली. आपल्यासाठी ती चोरी हॉटेलच करते. आपण फक्त गप्प बसतो. या गप्प बसण्याची कथा दलित नव्हे, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

३

आता थोडे स्वतःविषयी, कारण माझे मत पुस्तकांनी बदललेले नाही.

माझे आजोबा सोलापुरात जुन्या गिरणीत होते. १९६३ साली ती गिरणी बंद पडली आणि घरातला रोजगार गेला. वडील विशीत होते. ते सात रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागले. काम मोरीवरचे. विजापूरकडे, मोदीकडे, रेल्वे लाईन्सकडे जाणारे लोक त्या चौकात थांबत, चहा-भजी खात, आणि त्यांच्या कपबश्या वडिलांपुढे येत. मालकाला जात माहीत होती. माहीत होती म्हणूनच मोरी मिळाली. खरकटे काढायला तो हात चालत असे, वाढायला चालत नसे. पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, भटारखान्यात पाऊल टाकायचे नाही. कायदा होऊन आठ वर्षे उलटली होती. कायदा गिऱ्हाइकाविषयी बोलत होता. मोरीवर बसलेल्या माणसाच्या पदरात तो किती पडला असेल?

गिरण्यांचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा भेटली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त असे, पण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. त्या कारणाने अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. तोंडाचा विटाळ गिरणीत पगार ठरवत होता आणि हॉटेलात मोरी आणि टेबल यांच्यामधले अंतर.

वडील त्या हॉटेलात अकरा वर्षे होते. रात्री उरलेले बांधून आणत. मला त्या बटाटेवड्याची चव अजून आठवते आणि ती चांगली होती, हेही मला कबूल केले पाहिजे. पण वडील त्या हॉटेलातल्या टेबलावर एकदाही बसले नाहीत. नोकरी सुटल्यावर, पुढे मी मास्तर झाल्यावर, मी त्यांना दोनदा म्हणालो. ते म्हणाले, “तिथं बसलो तर पाय मोरीकडंच जातील.” मी हसलो होतो.

ते हॉटेल आता नाही. सात रस्त्याच्या परिसरात काचेच्या दर्शनी भिंतींची, गार हवेची हॉटेले झाली आहेत. गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीनंतरच्या आठवड्यात, पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेली माझी मुलगी घरी आली होती. तिने आम्हां दोघांना त्यांतल्या एका हॉटेलात नेले. वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

दाराशी गर्दी होती. एक तरुण वही घेऊन उभा होता. टेबल रिकामे झाले की तो नाव पुकारत असे. त्याने विचारले, “नाव काय लिहू?” मी माझे नाव सांगितले, फक्त नाव. आयुष्यभर मी असेच करत आलो आहे. भाड्याची खोली बघताना, रेल्वेत शेजाऱ्याशी बोलताना, विवाहाच्या पंगतीत. मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, “आडनाव लिहा. एका नावाची माणसं पुष्कळ असतात.” आणि तिने आमचे आडनाव स्वच्छ, मोठ्याने सांगितले. दाराशी दहाबारा माणसे उभी होती. वहीवाल्याने आडनाव लिहिले आणि पुढच्याकडे वळला.

काही घडले नाही. कोणी वळून पाहिले नाही. वीस मिनिटांनी ते आडनाव सात रस्त्यावरच्या त्या हॉटेलाच्या दारात पुकारले गेले आणि आम्ही आत गेलो. पण त्या वीस मिनिटांत माझ्या तळहाताला घाम होता. मी प्रत्येकाचा चेहरा वाचत होतो. त्या वीस मिनिटांत माझ्या वयाची सहा दशके उभी होती. जे घडले नाही त्याची वाट पाहणे हाही जातीचा अनुभव आहे. अपमान झाल्याशिवाय जात दिसत नाही असे मानणाऱ्या समीक्षेला तो पकडता येणार नाही, कारण तिथे पुरावा म्हणून दाखवायला काहीच नसते.

जेवण झाल्यावर मी नकळत ताटे एकात एक ठेवली, खरकटे एका ताटात गोळा केले, वाट्या आत बसवल्या. मुलगी म्हणाली, “बाबा, ते त्यांचं काम आहे.” ताटे न्यायला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आला. त्याच्या बोलण्यात कानडी हेल होता. मला त्याला विचारायचे होते, ‘तू कुठला? आडनाव काय?’ प्रश्न ओठांवर आला आणि मी थांबलो. जो प्रश्न मला आयुष्यभर टोचला तोच मी मोरीकडे जाणाऱ्या मुलाला विचारणार होतो. आपुलकीने विचारणार होतो, पण मला विचारणाऱ्यांपैकीही पुष्कळांचा सूर आपुलकीचाच असे. त्या काचेच्या हॉटेलात भटारखाना कुठे आहे, मोरी कुठे आहे, तिथे कोण बसते, हे टेबलावरून काही दिसत नव्हते. पूर्वी मोरी निदान नजरेसमोर होती.

४

आता दुसरी बाजू. मराठीत खाण्याविषयीचे लेखन विपुल आहे आणि त्यात रसही आहे. पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ मीही हसत वाचले आहे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालापासून मराठी घराघरांत आहे. आमच्याही घरात आहे. माझी तक्रार या लेखकांच्या रसिकतेविषयी नाही. या लेखनातला ‘आपण’ कोण आहे, एवढेच मी विचारतो. ‘आपल्या आजीच्या हातची चव’ असे हॉटेलांविषयी लिहिणारा प्रत्येक सदरलेखक म्हणतो. माझ्या आजीच्या हातची चव वजडीची, रक्तीची आणि उन्हात वाळवलेल्या चान्यांची होती. ती चव कोणत्याही सदरात आलेली मी वाचलेली नाही. हॉटेलाविषयी लिहिणारा सजावट सांगतो, मसाला सांगतो, दर सांगतो. शिजवले कोणी आणि ताट कोणी उचलले, ते सांगत नाही. १८९० साली ज्या समाजाला कप कोणाचा याचीच तेवढी चिंता होती, त्याच्या आजच्या लेखनात कपाला हात लावणारा माणूसच नाहीसा झाला आहे.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक म्हणूनच महत्त्वाचे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते आणि कसे, हे त्यांनी कोणतीही क्षमायाचना न करता नोंदवले. पुस्तकाच्या नावातच पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला नकार आहे. इथे एक सावधगिरी मात्र हवी. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. आपल्या आजा-आज्यांनी ते सोडले, उपासमार सोसून सोडले. त्यामुळे ‘आमचेही पदार्थ उंची हॉटेलांच्या मेनूकार्डावर आले पाहिजेत’ ही मागणी मी करणार नाही. नोंद हवी, ती इतिहास म्हणून. गार हवेत, पितळेच्या ताटात, कुतूहलाचा पदार्थ म्हणून चान्या विकल्या गेल्या तर त्यात आपला सन्मान कोणता?

कारण ‘गावरान’ या नावाखाली काय होते ते आपण पाहतो आहोत. आम्ही जेवलो त्या हॉटेलात ‘सोलापुरी थाळी’ होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, पिठले. भिंतीवर बैलगाडीचे चाक लावलेले. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. म्हणजे तीच भाकरी एका टोकाला सरकारी मदत आहे आणि दुसऱ्या टोकाला साडेचारशे रुपयांची हौस आहे. ठेचा हा कालवण नसलेल्या घरचा जोड होता. त्याची चव उचलली गेली, त्यामागचे कारण मोरीत वाहून गेले. एकाचे दारिद्र्य दुसऱ्याचा चवपालट झाले, आणि त्या चवपालटाला ‘आपली संस्कृती’ असे नाव पडले.

आणि ‘शुद्ध’ हा शब्द. हॉटेलाच्या पाटीवर शाकाहारी एवढे लिहिले तर पुरत नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ लिहावे लागते. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक शुद्ध म्हटले की दुसरे काय झाले, हे सांगावे लागत नाही. हा शब्द पाटीवरून आता टेबलावर उतरला आहे. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीच्या भोजनगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटो या घरपोच अन्न पोचवणाऱ्या कंपनीने ‘शुद्ध शाकाहारी’ गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या, हिरव्या गणवेशातली माणसे नेमण्याचे जाहीर केले; ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. एका प्रसंगात टेबल वेगळे, दुसऱ्यात अन्न आणणारा माणूस वेगळा. वळचणीची कपबशी नाहीशी झाली असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

५

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, खेड्यापाड्यांत अजून भूक आहे, अत्याचार आहेत. अशा वेळी एसी हॉटेलातल्या अस्वस्थतेची चर्चा ही मूठभर नोकरदारांची चैन आहे. भूक आहे, हे खरे. पण भुकेविषयी लिहायचे थांबवा असे मी म्हणत नाही. आत्मकथने लिहिणारेही शिकून, नोकरी करून, शहरात टेबलाशी बसूनच लिहीत होते. त्यांनी मागे वळून पाहिले. त्यांच्या मुलांना स्वतःच्या आजूबाजूला पाहण्याची बंदी का? ज्या साहित्याची प्रतिज्ञाच अनुभवाशी प्रामाणिक राहण्याची आहे, त्याने अनुभव कुठपर्यंत मोजायचा याची सीमा आखणे हे प्रस्थापितांचेच काम करणे आहे. त्यांनी म्हटले, तुमचे जगणे साहित्याचा विषय नाही. आपण आपल्या मुलांना म्हणतो, तुमचे जगणे दलित साहित्याचा विषय नाही. वाक्य तेच आहे.

दुसरा आक्षेप त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याचा. ही तर कोणत्याही गरिबाची गोष्ट. हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायचे तर ती कथा पुन्हा वाचली पाहिजे. कागद माझ्याजवळ नाही, आठवणीतून वाचतो.

वडील उजव्या बाजूचे आकडे वाचतात. का? कारण डाव्या बाजूला इंग्रजी आहे आणि ते त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यापुरते ते कार्ड म्हणजे फक्त आकड्यांची यादी आहे. इथवर ही कोणत्याही गरिबाची, कोणत्याही कमी शिकलेल्याची गोष्ट आहे, हे मान्य. पण आई? आई पाणी पिते. ग्लास रिकामा होतो, वाढपी भरतो, ती पुन्हा पिते. मी ऐकताना समजलो, ती बुजली आहे. हातांना काही चाळा हवा म्हणून पिते. अध्यक्ष म्हणून मी त्या पाण्याचा उल्लेखही केला नाही.

सात रस्त्यावरून त्या रात्री घरी आल्यावर माझी बायको म्हणाली, “पाणी किती वेळा भरलं बघितलंत का त्यानं? मागावं लागलं नाही.” ती बार्शी तालुक्यातल्या खेड्यातली. लहानपणी विहिरीच्या कडेला ओंजळ धरून उभी राहिलेली. कोणी वरून ओतील तेव्हा प्यायचे. ओतणाऱ्याचा हात थांबला की तहान थांबवायची. तिने हे कधी तक्रार म्हणून सांगितलेले नाही. त्या रात्रीही तक्रार नव्हती. पण तिच्या त्या वाक्याबरोबर चार वर्षांपूर्वीची कथा माझ्यापुढे पहिल्यांदा नीट उभी राहिली.

त्या कथेतली आई बुजलेली नव्हती. त्या सगळ्या हॉटेलात बिलावर न येणारी, आणि तरीही तिच्या आयुष्यात सर्वांत महाग पडलेली वस्तू पाणी होती. पांढऱ्या कपड्यांतला एक पुरुष वाकून तिचा ग्लास भरत होता आणि तो तिच्या ओंजळीत वरून ओतत नव्हता. ती पुन्हा पुन्हा पीत होती, कारण तो पुन्हा पुन्हा भरत होता. मुलगा रागावला होता तो तिला मेनूकार्डावरचे काही खाऊ घालता येईना म्हणून. तिचे जेवण चालूच होते, हे त्याला कळले नाही. मला कळले नाही. महाडवर दरवर्षी भाषण करणाऱ्या माणसाला टेबलावरच्या ग्लासातले पाणी ओळखू आले नाही.

‘यात दलित काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या ग्लासात होते. लेखिकेने ते उचलून दाखवले नाही, आवाज चढवला नाही, हा तिचा दोष नव्हता. आवाज चढला तरच ऐकू येण्याची सवय आम्हांला लागली होती. विद्रोह ओरडूनच होतो अशी आमची समजूत. ती मुलगी एका बाईला पोटभर पाणी पिताना दाखवत होती.

ती कथा कुठे छापून आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तिने कागद टाकून दिले नसतील तर तिने ती कथा या अंकाच्या संपादकांकडे पाठवावी, अशी माझी विनंती आहे. एक अक्षरही बदलू नये. आणि छापताना त्याखाली माझ्या त्या दिवशीच्या समारोपाचाही उल्लेख करावा. चूक कोणाची होती हे वाचकांना कळलेले बरे.